दोन प्याल्यांचा चढ

द्राक्षमळ्यांच्या डोंगरात सायकल मारणाऱ्या आम्हा लोकांचा एक लाडका दावा असतो: संध्याकाळचा वाइनचा प्याला आम्ही 'कमावलेला' असतो. मोटारीतून आलेला पर्यटक पितो ती नुसती दारू. आम्ही पितो ते कष्टाचं चीज. हे सांगताना छाती जरा पुढे येते. पोट आधीच पुढे असल्यामुळे तिला फार अंतर कापावं लागत नाही. इटलीत पिएमोन्तेतल्या लांगेच्या टेकड्या असोत की टस्कनीतलं कियान्ती, गावच्या चौकात हेल्मेट टेबलावर उपडं ठेवून, कोणी विचारायची वाट न बघता आजचा चढ सांगणारा एक तरी इसम असतोच. त्या जमातीत मी अभिमानाने मोडतो, त्यामुळे तिची वही तपासायचा हक्क मला आहे. आणि माझं म्हणणं असं, की जमाखर्च साफ चुकलाय. शांत रस्त्याची किंमत कोणीतरी भरलेली असते. फक्त पावती आपल्या नावाची नसते.

आधी आकडे घेऊ. आल्बा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १७२ मीटरवर आणि बारोलो वाइनच्या पट्ट्यात माथ्यावर बसलेलं ला मोरा गाव ५१३ मीटरवर. म्हणजे निव्वळ चढ ३४० मीटरचा. पंचाहत्तर किलोचा स्वार आणि पाण्याच्या बाटल्यांसकट दहा किलोची सायकल धरा. एवढं ओझं वर न्यायला किती ऊर्जा लागते ते शाळेतल्या पदार्थविज्ञानाने निघतं, आणि त्यासाठी शरीर साधारण चौपट इंधन जाळतं. उत्तर येतं पावणेतीनशे कॅलरी. वाइनच्या बेताच्या प्याल्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. थोडक्यात, जीभ बाहेर काढणारा तो अख्खा चढ म्हणजे दोन प्याले. तिसऱ्यापासून उधारी सुरू. शिवाय प्याला एकटा कुठे येतो? त्याच्याबरोबर तायारिन येतं. ही तिकडची बारीक शेवई. जुन्या पद्धतीत किलोभर पिठाला तीस-चाळीस अंड्यांचे बलक घालतात, आणि वर लोणी. एका ताटलीची फेड करायची तर ला मोरा निदान आणखी दोनदा चढायला हवं, आणि तेवढं चढल्यावर जी भूक लागेल तिची सोय वेगळी. एकादशी अन् दुप्पट खाशी हा न्याय कॅथलिक मुलखातही तितकाच चालतो. त्यात इटलीत दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा सायकललाही लागू आहे. लीटरभर रक्तात ०.५ ग्रॅम ही मर्यादा चढून आलेल्याला सूट देत नाही.

यावर आमच्यातले जाणकार म्हणतात, कॅलऱ्या सोडा हो, सोपा सपाट रस्ता सोडून आम्ही अवघड वाट धरली, त्याचं तरी श्रेय द्या. पण धरली कुठे? शांतता हवी असेल तर दुसरी वाटच नसते. खाली तानारो नदीकाठच्या सपाटीवर कारखाने, गोदामं आणि ट्रक. द्राक्षं मात्र खाली उतरायला तयार नसतात. बारोलो ज्यापासून करतात ते नेब्बियोलो उशिरा पिकणारं द्राक्ष, ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहणारं. त्याला ऊन भरपूर लागतं आणि गारठा सोसत नाही. रात्रीची थंड हवा उतारावरून ओघळून दरीत साठते. म्हणून बारोलोच्या नियमावलीतच दरीतळाची, सपाट आणि दमट जमीन वर्ज्य आहे, उत्तरेकडे तोंड केलेले उतारही वर्ज्य. म्हणजे मळे कायद्याने उतारावर, गावं जुन्या लढायांच्या भीतीने माथ्यावर, आणि रस्ता दोघांना सांभाळत वळणं घेत वर. आम्ही ज्याला जिद्द म्हणतो ती सरकारी अटींची पूर्तता आहे.

कष्टाच्या या माजाचा टस्कनीत दरवर्षी उत्सवच होतो, आणि इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण हा विषय निघाला की माझं घड्याळाकडे लक्ष राहत नाही. १९९७ साली गायोले इन कियान्ती या गावात जानकार्लो ब्रोच्ची यांनी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. लांब पल्ल्याचा मार्ग २०९ किलोमीटरचा, त्यातला मोठा हिस्सा पांढऱ्या खडीच्या कच्च्या रस्त्यांचा. नियम अगदी सोवळ्यातले: सायकल १९८७ किंवा त्याआधीच्या घडणीची, गिअरच्या दांड्या खालच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या वायरी हँडलवरून उघड्या, आणि पाय पेडलला बांधायला पट्टे. अंगात लोकरी जर्सी असेल तर पुण्य अधिक. त्या गिअरच्या दांडीबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आजच्या सायकलीत बोटाने टिक् केलं की साखळी मुकाट्याने बाजूच्या चक्रावर जाते. जुन्या दांडीला खाचाच नाहीत. ऐन चढात एक हात हँडलवरून काढायचा, वरखाली होणाऱ्या गुडघ्याला चुकवत खाली न्यायचा, दांडी चाचपायची आणि केसभर ओढायची. साखळी कुरकुरते. आणखी केसभर ओढली की हव्या त्या चक्रावरून उडी मारून नको त्यावर बसते. मग किंचित मागे ढकलायची. तोवर वेग संपलेला असतो, पाय पट्ट्यात आवळलेले असतात, आणि शरीर कसलाही आरडाओरडा न करता डाव्या कुशीवर आडवं होतं. धूळ पांढरी असल्यामुळे पुरावा दिवसभर अंगावर राहतो. घरी पिसासारखी कार्बनची सायकल असलेला माणूस हे सुख मिळवायला जुनं लोखंड सोन्याच्या भावाने घेतो, आणि ते बियांकी कंपनीचं, सेलेस्ते म्हणजे निळसर-हिरव्या रंगाचं निघालं तर घासाघीससुद्धा करत नाही. वाटेतल्या थांब्यांवर रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव आणि भाज्यांचं दाट सूप, आणि वाइनमध्ये भिजवून वर साखर पेरलेला पाव. शेतकऱ्याघरी कडक झालेला पाव संपवायच्या या युक्त्या. आम्ही त्या नाव नोंदवून, फी भरून खातो आणि 'अस्सल' म्हणून माना डोलावतो.

आता या पांढऱ्या रस्त्यांवर डांबर का पडलं नाही, हा प्रश्न विचारायला हवा. ते आज टिकलेत यात लेरोइकाचा वाटा आहेच. रस्ते वाचवणं हा तिचा एक हेतूच होता. पण वाचवण्याआधी ते मागे राहिले होते, आणि मागे राहिले कारण माणसं निघून गेली. टस्कनीत 'मेझ्झाद्रिया' नावाची अर्धेलीची पद्धत शतकानुशतकं चालली: जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरात पगाराची नोकरी दिसताच कुळांनी घरंच्या घरं सोडली. १९६४च्या कायद्याने तर असे नवे करारच बंद झाले. ज्या वाडीत कोणी राहत नाही तिच्याकडे जाणारा रस्ता डांबरी कोण करणार? पिएमोन्तेतही तेच. आज ज्या लांगेच्या फोटोंवर आपण जीव टाकतो, तिथल्या वरच्या भागातली तरुण पोरं तोरिनोच्या मोटार कारखान्याकडे गेली. नुतो रेव्हेल्ली यांनी कुनेओ प्रांतातल्या गरीब शेतकऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून घेतल्या आणि १९७७ साली पुस्तक काढलं. त्याच्या नावाचा अर्थच 'पराभूतांचं जग'. त्या जगात सायकल कामाची वस्तू होती. १९१९ साली तोर्तोनाच्या टेकड्यांतल्या कास्तेल्लानियात जन्मलेला आणि पुढे सायकल शर्यतींचा महानायक झालेला फाउस्तो कोप्पी पोरवयात नोव्ही लिगुरेतल्या खाटकाचा माल सायकलवरून पोचवत असे. त्या चढाच्या शेवटी प्याला नव्हता, गिऱ्हाईक होतं. आपण ज्या शांततेचं कौतुक करतो ती पुष्कळ ठिकाणी उठून गेलेल्या बिऱ्हाडांची शांतता आहे, आणि तिच्यावर 'मी कमावली' असा शिक्का मारायला माणसाला बरंच निगरगट्ट व्हावं लागतं.

कोणी म्हणेल, उगाच गळा काढू नका. पर्यटनानेच ही गावं पुन्हा उभी राहिली. यात तथ्य आहे. १९८५च्या कायद्याने शेतघरात पाहुणे ठेवण्याच्या धंद्याला देशभर चौकट मिळाली, आणि लांगे-रोएरो-मोन्फेर्रातोचे मळे २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेले. पण लांगेची कित्येक गावं आमच्या येण्याआधीच सावरली होती, ती चॉकलेटमुळे: आल्बाच्या फेरेरो कारखान्याने गावोगावी बस पाठवून कामगार आणले आणि संध्याकाळी परत सोडले, त्यामुळे नोकरी करूनही शेत आणि घर सुटलं नाही. आणि सावरल्याची किंमतही पाहा. बारोलोतल्या चांगल्या उताराचा भाव आज हेक्टरला दहा लाख युरोंच्या वर जातो. ज्या जमिनीवर आजोबांचं पोट भरेना, ती घेणं नातवाच्या आवाक्याबाहेर. मानमरातबाचं वाटपही मजेशीर आहे. २००७ पासून सिएनाच्या मुलखात स्त्रादे बियांके ही व्यावसायिक शर्यत होते. ती तीनदा जिंकली की रस्त्याच्या एका तुकड्याला तुमचं नाव मिळतं. फाबियान कान्चेल्लाराला मोन्ते सान्ते मारीएचा तुकडा असाच मिळाला. तोच तुकडा पिढ्यानपिढ्या बैल घेऊन तुडवणाऱ्यांना शर्यत आहे हेच ठाऊक नव्हतं.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो आमच्या जमातीत सर्वात तावातावाने घेतला जातो: मग बॅटरीवाली सायकल घेऊन भुर्रकन वर जाणारे आणि आम्ही सारखेच का? माझ्याच युक्तिवादाने उत्तर द्यावं लागतं, आणि ते देताना दाढ दुखते: हो, सारखेच. चढल्याने डोंगरावर मालकी येत नसेल, तर बॅटरीने ती चोरीलाही जात नाही. सत्तरीच्या बाई हसत, अंगाला घाम न येऊ देता शेजारून पुढे जातात तेव्हा होणारा जळफळाट मालकी हक्काचा नसून निव्वळ हेव्याचा असतो.

म्हणून सायकल चालवावी, मनसोक्त चालवावी. वळणावर ट्रॅक्टर आडवा आला तर घंटी न वाजवता थांबावं. तो कामावर आहे, आपण रजेवर. बाटली शक्यतो त्याच गावात घ्यावी आणि भाव करू नये. संध्याकाळी आजचा चढ जरूर सांगावा, दशांशासकट सांगावा. एवढ्यावर माज सुटेल अशी माझी अपेक्षा नाही. फक्त त्याला जोडून 'म्हणून हा प्याला' म्हणू नये. प्याला पैसे मोजून आलेला असतो, आणि बारोलोचे सध्याचे भाव पाहता खरा दम काढणारा चढ तो बिलाचाच.