हात काळे करण्याचा छंद

घरच्या घरी गाडीचं ऑइल बदलायचं ठरलं की आधी खरेदी निघते. हायड्रॉलिक जॅक येतो, घोड्या येतात, फिल्टर सोडवायचा पाना येतो, टॉर्क रेंच तर स्वतःच्या पेटीतून येतो. मेकॅनिकची मजुरी वाचवायची म्हणजे एवढा खर्च आलाच. काटकसर सुचते ती हातमोज्यांपाशी. ‘आपण काय ऑपरेशन करतोय?’ मग कोविडपासून कपाटात पडलेले लॅटेक्सचे मोजे बाहेर काढतात. तेल लागलं की लॅटेक्स फुगतं आणि फाटतं. नायट्राइल टिकतं, पण ते स्वस्तात मिळतं, हीच बहुधा त्याची अडचण असावी.

गाडीखाली उताणं पडून ड्रेन प्लग सोडला की गरम तेल मनगटावरून थेट कोपराकडे निघतं. वापरलेलं तेल नुसतं काळं नसतं. ज्वलनातून आलेली, कर्करोगाशी संबंध असलेली रसायनंही त्यात असतात. यावर आपल्याकडचा सर्वमान्य उतारा म्हणजे पेट्रोलने हात धुणे! कातडीचा स्वतःचा तेलकटपणाही त्यात जातो, पण हात कसे लख्ख दिसतात.

राहिलं निघालेलं तीन-चार लिटर तेल. घातक कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांत वापरलेलं तेलही मोडतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे जायला हवं. सोसायटीत ते कॅनमधून जिन्याखाली जातं, आणि वार्षिक सभेत विषय निघाला की कॅन कुणाचाच नसतो.