धाकट्या सुनेची कोळंबी

अहो वहिनी, ती बदामाची पानं जाळू नका हो! जरा इकडे कुंपणाशी या, सांगते. मागच्या घरातली धाकटी सून हीच पानं पाकिटातून विकत मागवते. हो, विकत! आपण रोज सकाळी शिव्या देत झाडतो ती. कशाला म्हणजे? तिच्या कोळंबीला.

खायची नव्हे हो. मलाही आधी वाटलं, पापडीच्या बाजारातून करंदी आणून पाण्यात ठेवली असेल. ही शोभेची. वाढून वाढून इंचभर, पण रंग असा लालभडक की बघत राहावं. चेरी म्हणतात तिला. एका नगाचे वीस-तीस रुपये घेते म्हणे, रंग गडद असला तर आणखी. दहा नगांच्या पैशात करंदीचा भला मोठा वाटा येईल, आणि ह्या दहा जणींनी फोडणीलासुद्धा वास यायचा नाही!

सगळी आळी म्हणते, नवऱ्याचा धंदा. कुठला नवरा नि कुठलं काय! तो बिचारा सकाळी विरार लोकलला लोंबकळतो तो रात्रीच घरी. फार तर थर्माकोलचा डबा छातीशी धरून दादरला गिऱ्हाइकाला पोचवतो. टाक्या सगळ्या हिच्या. पडवीत ओळीने मांडल्यात.

विरजण मागायच्या निमित्ताने गेले होते मी. एका टाकीत नुसता धुमाकूळ. एरवी तळाशी गुमान चरणाऱ्या कोळंब्या काचेवर आपटत भिरभिरत होत्या. म्हटलं, अगो, पाणी बिघडलं वाटतं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, आत कोणीतरी कात टाकलीय." मादीने कात टाकली की तिचा वास पाण्यात पसरतो आणि टाकीतले सगळे नवरदेव तिला शोधत सुटतात. आणि ती? मॉसच्या झुबक्यात लपून बसलेली! टाकलेली कात तळाशी अख्खी पडली होती, मिशांसकट. मला वाटलं मेलीच एक. पण ती काढायची नसते, त्या स्वतःच खातात, कवचाला चुना मिळतो.

मग तिने माझ्या हातात भिंग दिलं. मादीच्या मानेमागे पाठीवर पिवळट डाग दिसतो, त्याला खोगीर म्हणतात, ती आत तयार होणारी अंडी. एकदा का जमलं की तीच अंडी पोटाखालच्या पायांत येतात, वीस-तीस तरी. मग महिनाभर बाई ते पाय वारा घातल्यासारखे हलवत राहते. ताजं पाणी मिळालं नाही तर अंड्यांना बुरशी धरते ना. अंडी फुटायला आली की आत काळे डोळे दिसतात, वहिनी! प्रत्येक अंड्यात दोन ठिपके. माझ्या अंगावर काटा आला.

पिल्लं निघतात तीच थेट आईच्या रूपात, दोनेक मिलिमीटरची. नदीतली ती मोठी कोळंबी अंडी द्यायला खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरते. हिला खाडी लागत नाही, म्हणून पडवीत जमतं. अमानो म्हणून आणखी एक जात असते, जपानच्या ताकाशी अमानोंनी ती टाकीतलं शेवाळ खायला वापरली, म्हणून ते नाव. तिची पिल्लं खारट पाण्याशिवाय जगत नाहीत. त्या फंदात ही पडत नाही.

पाणी म्हणाल तर विहिरीचं नाहीच. उन्हाळ्यात आपल्या विहिरी मचूळ होतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं! नळाला येतं ते सूर्या धरणाचं घेते, पण क्लोरीन उडावा म्हणून बादलीत एक दिवस उघडं ठेवते. सासूबाईंनी शहाणपण शिकवलं, तांब्याच्या हंड्यात ठेव, पाणी शुद्ध होतं. तिने हंडाच उचलून माळ्यावर टाकला! तांबं म्हणजे ह्यांना विष. माशांच्या कितीतरी औषधांतही ते असतं, म्हणून बाटलीवरचं सगळं वाचते ती. तुमच्या वाडीत पानवेलीवर बोर्डो मारतात ना, तो मोरचुदाचाच. फवारणीच्या दिवशी मला आवाज द्या, मी तिला कळवीन.

धुराची गाडी आली की मग विचारूच नका. डासांचं ते औषध, आणि कोळंबी पडली किड्यांच्याच भावकीतली. लांबून भुरभुर ऐकली की ही धावत सुटते. खिडक्या बंद, टाक्यांवर ओल्या चादरी, हवेचा पंप बंद. धूर ओसरला की पंप पहिला चालू. डासांच्या अगरबत्त्यांना तर त्या पडवीत बंदीच आहे. म्हणून नवरा बाहेर बसत नाही संध्याकाळी!

माझं विचाराल तर तिला जमलं ते हात आवरला म्हणून. नवरा सुरुवातीला रोज पाणी बदलायचा, मूठमूठ खाणं टाकायचा, सगळ्या मेल्या. ही आठवड्याला थोडंसंच पाणी बदलते, आणि खाणं म्हणजे तुमची ती बदामाची पानं. झडून वाळलेलं पान पाण्यात हळूहळू कुजतं, त्यावर बुळबुळीत थर धरतो, पिल्लं दिवसभर तेच चरतात. बाजारचा पालक नको म्हणते, फवारलेला असतो. परसातला देते, उकडून.

आता निळ्या आणि पिवळ्याही आणल्यात. पण एकत्र नाही सोडत. रंग वेगळे असले तरी जात एकच, निओकॅरिडिना. एका टाकीत नांदल्या की पुढच्या पिढ्या मातकट होत जातात, मूळच्या रानातल्या असतात तशा. तैवानच्या लोकांनी लालातलं लाल निवडत एवढा रंग आणला, तो घालवायचा कशाला? लाल-पांढऱ्या पट्ट्यांची क्रिस्टल रेड म्हणून आहे, 1990 च्या दशकात जपानच्या सुझुकींनी काढलेली. तिला पाणी 22-23 अंशांचं लागतं. आपला मे महिना आणि विजेचं बिल बघता ते स्वप्नच. चेरीसाठी ही पाण्यावर टेबलफॅन सोडते, दोनेक अंश उतरतात, तेवढ्यावर भागतं.

आणि आतली गोष्ट सांगू? सासूबाई म्हणतात, सगळं सुनेच्या नावावर कर. एवढी माया कुठून आली? 2020 मध्ये केंद्राची मत्स्यसंपदा योजना आली ना, त्यात परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला 3 लाख खर्च धरलाय. बाईच्या नावावर असलं तर 60 टक्के अनुदान, एरवी 40! गप्पी-मॉलीही पाळतेच ती, त्यावर अर्ज भरणार आहेत.

एक मात्र मी तिला बजावून आले. फिक्या रंगाच्या निघतात त्या ती वेगळ्या काढते. सासरे म्हणतात, बावखलाच्या तळ्यात सोड, तेवढंच पुण्य. कसलं पुण्य! जर्मनीत वीजकेंद्राचं कोमट पाणी जातं त्या ओढ्यात ह्याच घरच्या कोळंब्या मोकाट झाल्यात, तिकडे हवाई बेटांवरही. आपली बावखलं आधीच बुजवत चाललेत, त्यांच्या वर इमारती उभ्या राहतायत. जी उरलीत त्यात परक्यांचं खटलं कशाला? तुमच्या बावखलाशी कोणी पिशवी घेऊन आलेलं दिसलं तर सरळ हाकलून द्या. ज्याला नकोशा झाल्या त्याने तिच्याकडे परत आणून द्याव्यात. ती घेते. पैसे मात्र परत देत नाही.