पट्टेदार प्रेरणा
३ जून, जागतिक सायकल दिन. चंद्रपुरात तेव्हा नवतपा नुकताच सरलेला असतो. पारा मात्र खाली यायला तयार नसतो. एसी गाडीतून उतरलेले साहेब सांगतात, रोज सायकलनं कामावर या, प्रेरणा टिकवा. समोर ऊर्जानगरच्या वीज केंद्रातला कंत्राटी कामगार. हँडलला डबा, डोक्याला दुपट्टा, मडगार्डवर कोळशाची धूळ. त्याला पेट्रोलच्या भावानं केव्हाच प्रेरित केलंय. उरलंसुरलं काम केंद्राच्या झुडपांतला वाघ करतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ड्युटी संपवून सायकलनं घरी निघालेल्या कामगाराचा त्यानं बळी घेतला. तेव्हापासून रात्रपाळी सुटली की पायडल आपसूक जोरात फिरतं. साहेबांचा आग्रह एवढाच, हेल्मेट घाला. हेल्मेटला वाघाची हरकत नसावी.