आपल्या आधीचं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या प्रत्येक मराठी घरात सहल काढणारे एक काका असतात. बँकेतून नाहीतर महालेखापाल कार्यालयातून निवृत्त झालेले. पुण्याचे पाहुणे स्टेशनवर उतरले की गाडीचं स्टिअरिंग आणि इतिहास दोन्ही ते आपल्या हाती घेतात. काकूंनी तिखटमिठाच्या पुऱ्या केलेल्या असतात, मुरैन्याची गजक काकांनी आणलेली असते. "चला, चला, लेट होऊन राहिलंय!" अशी आरोळी ठोकून ते गाडी सुरू करतात आणि मग टायरमध्ये हवा भरायला अर्धा तास थांबतात.

काकांच्या इतिहासात कालखंड दोनच: 'आपलं' आणि 'आपल्या आधीचं'. मधली रेघ महादजी शिंद्यांनी ओढलेली.

किल्ल्यावर मानसिंह तोमराच्या महालाबाहेर पाहुणे निळ्या फरश्या आणि पिवळी बदकं बघत रेंगाळतात. "छान आहे, पण आपल्या आधीचं," म्हणून काका पुढे. औरंगजेबानं सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यात कैदेत ठेवून मारलं. तेही आपल्या आधीचं, त्यामुळे काकांना त्याचं फारसं दुःख नाही. चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या बागेसाठी २७० हात लांब जमीन आणि रोज ५० हार, असं दान त्यात नोंदलंय. या आकड्यांतली शून्यं बघायला जगभरातून गणिती येतात. काका गाडीतूनच सांगतात, "शून्यच तर आहे, त्यात काय बघायचं?"

जयविलास महाल आला की मात्र त्यांना कंठ फुटतो. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी बांधलेला, म्हणजे शंभर टक्के आपला. दरबार हॉलमधली दोन झुंबरं, प्रत्येकी साडेतीन टनांची. छताला भार पेलेल का, हे बघायला वर हत्ती चढवले होते, हा किस्सा काका असा रंगवतात की शेपटी धरून मागून ढकलायला तेच होते असं वाटावं. जेवणाच्या टेबलावरून ब्रँडी आणि सिगार फिरवणाऱ्या चांदीच्या आगगाडीपाशी ते अर्धा तास घेतात. सरकारी गाईड तोंड उघडतो, पण काकांच्या श्वासाचा मोकळा क्षण त्याला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी शिवपुरी. माधव राष्ट्रीय उद्यान म्हणजे शिंद्यांचं शिकारीचं रान, तेव्हा तिथलं झाडन्‌झाड आपलं. सख्यासागरातल्या मगरींचीसुद्धा काका घरच्यासारखी चौकशी करतात. वाघांशी मात्र त्यांचं तितकंसं जमत नाही. "इथले जुने वाघ संपले. हे २०२३ मध्ये बाहेरून आणून सोडलेत," ते जरा तुटकपणे सांगतात. "आणि आपण कधी आलो, काका?" मागच्या सीटवरची पुतणी विचारते. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये किल्ल्याखाली पडली, त्या लष्करावरूनच गावाला नाव मिळालं, आणि काकांचे खापरपणजोबा त्या छावणीबरोबर आले. हे सगळं काकांनीच कालपासून चार वेळा सांगितलेलं असतं. ते आरसा नीट करतात आणि गजकचा डबा मागे पाठवतात.

परत येताना अंधार पडतो. तो पडावा अशीच काकांची योजना असते, कारण फुलबागेतली झाशीच्या राणीची समाधी अजून राहिलेली असते. इथे रेघ कुठे ओढायची, हे त्यांना कळत नाही. राणी आपली आणि जयाजीरावही आपलेच. पण जून १८५८ मध्ये जयाजीराव इंग्रजांच्या बाजूला होते. त्यांची फौज राणीला मिळाली, ते स्वतः आग्र्याला निघून गेले आणि थोड्याच दिवसांत राणी याच गावात लढता लढता पडली. हत्तींच्या वजनावर तासभर बोलणारे काका इथे एवढंच म्हणतात, "गाडीतूनच नमस्कार करा, पार्किंग मिळत नाही इथे."

पुढे याच ग्वाल्हेरच्या दरबाराचे राजकवी झालेल्या भा. रा. तांब्यांनी या समाधीवर कविता लिहिली. ती येणाऱ्याजाणाऱ्याला थांबायला सांगते. काकांना ती तोंडपाठ आहे.

ग्वाल्हेरला गेलात तर काकांच्याच गाडीतून फिरा, त्यांच्याइतका प्रेमळ गाईड पैसे देऊन मिळणार नाही. फक्त फुलबागेपाशी गाडी थांबवायला लावा आणि आधी काकांना उतरवा.