वेल्हे ते तपकीर गल्ली, व्हाया चेलाडी

तोरण्यावर धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, ही गोष्ट वेल्ह्याचं पोर बाराखडीच्या आधी शिकतं. माझ्या भाच्याचा राजगड म्हणजे गेमिंग पीसी. धन म्हणजे इंद्रायणी तांदळाचे आलेले पस्तीस हजार, आणि तेही ताईने ‘मामा बरोबर असेल तरच’ या अटीवर सोडलेले. मामा भोरचा. भोरच्या माणसाला सगळं कळतं, असा वेल्ह्यात उगाचच समज आहे. आमच्या राजवाड्यात सिनेमांचं शूटिंग होतं, तेव्हा आम्हाला प्रोसेसरही कळत असणार!

मी कापूरहोळवरून आलो, तो नसरापूरवरून; चेलाडी फाट्यावर गाठ पडली. एसटीत बसल्या बसल्या त्याने खिशातून यादी काढली. पहिली ओळ : आरजीबी पंखे, सहा नग.

‘‘अरे, मुलगी बघायला निघालोय की मांडव?’’

‘‘मामा, लुक पण लागतो.’’

खेड शिवापूरचा टोलनाका येईपर्यंत मी पंखे दोनावर आणले. कात्रजच्या बोगद्यात त्याने अंधाराचा फायदा घेऊन ते पुन्हा चार केले.

पुण्यात तपकीर गल्लीत वायरी, माळा आणि सीसीटीव्ही यांतून वाट काढत, विचारत विचारत एका दुकानात शिरलो. मालक अस्सल पेठेतले. ‘‘काय हवंय ते तुम्ही सांगा, काय परवडतं ते मी सांगतो.’’

भाच्याला जुनं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. ‘‘घ्या की,’’ मालक म्हणाले, ‘‘कॉइनच्या खाणीत रात्रंदिवस राबून आलंय. आता त्याला पेन्शन हवीय, गेम नकोय.’’ मग त्यांनी रायझन ५ ५६००जी पुढे ठेवला. सहा कोअर, ग्राफिक्स आतच, वेगळ्या कार्डाची गरज नाही. शेजारी नुसता ५६००. ‘‘याला जी नाही. कार्ड न लावता हा नेलात तर पडद्यावर अमावास्या.’’

रॅम सोळा जीबीची एकच पट्टी घ्यावी, असं माझं मत; पट्टी एक, कटकट एक. मालकांनी आठ-आठच्या दोन काढल्या. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं; दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटा मिळतात, गेम अडखळत नाही. यावर मी ‘तेच म्हणत होतो’ असा चेहरा केला.

खरी लढाई एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. भाच्याचा जीव कॅबिनेटबरोबर येणाऱ्या फुकटच्यात अडकलेला. मालकांनी माझ्या एका हातात तो दिला, दुसऱ्यात ब्रॉन्झ शिक्क्याचा ४५० वॉटचा. फुकटचा हातात आहे की नाही, हे मला खाली बघून ठरवावं लागलं.

‘‘गाव कुठलं?’’

‘‘वेल्हे.’’

‘‘पाऊस?’’

‘‘असतो.’’

‘‘लाइट?’’

‘‘पाऊस नसला की असते.’’

मालकांनी फुकटचा डबा मुकाट्याने उचलून फळीवर ठेवला आणि यादीत यूपीएस लिहिला. पैसे जुळवायला चारही पंखे गेले.

परतीच्या एसटीत काचेचं कॅबिनेट माझ्या मांडीवर. मार्गासनीला शेजारी येऊन बसलेल्या आजोबांनी काचेवर टकटक केली. ‘‘मासे ठेवणार का?’’

‘‘नाही आजोबा, पोरगं यात लढाया खेळणार.’’

आजोबांनी खिडकीतून तोरण्याकडे पाहिलं. ‘‘एवढा किल्ला दारात असून?’’ भाच्याला याचं उत्तर सुचलं नाही, मलाही नाही.

तेव्हा भोर-वेल्ह्याकडच्या मंडळींनी क्रम असा ठेवावा : आधी एसएमपीएस आणि यूपीएस, मग प्रोसेसर, मग रॅमच्या दोन पट्ट्या, कार्ड पुढच्या सुगीला. आणि लाइट गेल्यावर यूपीएसच्या जिवावर गेम पुरा करायला बसू नये. तो मशीन नीट बंद करण्यापुरताच असतो.