काळ्या काचेआडच्या दादांस खुले पत्र

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, चेहराही नाही. पण नंबरप्लेटवरचे ४१४१ ‘दादा’ असे वाचता येतात (त्याचा दंड वेगळा), आणि मागच्या काचेवर ‘भावी नगरसेवक’ असं हातभर रेडियम आहे. सबब पत्ता चुकणार नाही. आत कोण बसलंय ते दिसू नये म्हणून काच काळी, आणि कोण बसलंय ते कळावं म्हणून तिच्यावर हुद्दा. लपायचंय की मिरवायचंय, एकदा ठरवा.

पत्रास कारण की, परवा रात्री द्वारका चौकात मी तुमच्या चाकाखाली येता येता राहिलो. आम्ही पायी चालणारे सिग्नलपेक्षा ड्रायव्हरच्या डोळ्यांवर जास्त विसंबतो. नजरानजर झाली की पाऊल टाकतो. तुमच्या काचेत मला माझाच चेहरा दिसला, तोही घाबरलेला.

उन्हाचं म्हणाल तर कबूल. एप्रिलातलं नाशिक काही थंड हवेचं ठिकाण नाही. पण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम मागतो तरी काय? पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी फिल्म चिकटवणंच बंद केलं. पुढे २०२१ पासून नियम बदलला, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रमाणात बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. एवढं एक तुमच्या फिल्मवाल्याला तोंडपाठ असणार. ‘पन्नासवाली आहे शेठ, लीगल!’ पण हिशेब गुणाकाराचा असतो. ७० टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर ५० ची फिल्म लावली की उरतात ३५. तुमची तर ५ ची दिसते, म्हणजे शंभरातले साडेतीन.

२०१२ च्या निकालात झेड आणि झेड प्लस सुरक्षेसाठी सवलतीची वाट होती. नळाला पाणी कधी येणार असं विचारणारे मतदार त्या धोक्यात मोडत नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. कायद्याचा बालेकिल्ला म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हा दंड तुमच्या मित्रमंडळाच्या एका मिसळपार्टीतही निघेल. विम्याचं तसं नाही. समोरचा जखमी झाला, तर काळ्या काचेकडे बोट दाखवून कंपनीला त्याची भरपाई टाळता येत नाही. कलम १५० मध्ये बचावाची कारणं मोजून दिली आहेत, त्यात काच नाही. अडचण येते ती तुमच्या स्वतःच्या गाडीच्या दाव्यात. गाडीतला बदल कंपनीला कळवायचा असतो. कळवलात? सर्व्हेअर येतो, चारी बाजूंनी फोटो काढतो. आणि क्लेम फॉर्मवर तुम्ही अगदी प्रामाणिकपणे लिहिता, ‘अंधारात दुचाकीवाला दिसलाच नाही.’ दावा फेटाळतीलच असं नाही, पण कापाकापीला आयतं निमित्त तुमच्याच अक्षरात मिळतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
द्वारकेचा एक पादचारी

ता. क. फिल्म गरम हवेने सुटते. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतील तिथे सावकाश सोलायला सांगा. रेडियमचं तुमचं तुम्ही बघा.