जरा सरकून घ्या

गिरगावात कुणी गाडी घेतली, की पेढा तोंडात टाकता टाकता लोक पहिला प्रश्न विचारतात, "ठेवणार कुठे?" दुसरा असतो ॲव्हरेजचा. तिसरा मात्र घरातल्या बायकाच विचारतात आणि खरा प्रश्न तोच असतो : "बसतात किती?" याचं एक उत्तर आरसी बुकात असतं, दुसरं आपल्या मनात. आरसी बुकात पाच. मनात, आपलीच माणसं असतील तर आठ. कल्याणला लग्नाला जायचं असेल, तर मोजूच नये.

आम्हांला ही सवय पद्मिनीने लावली. नानांनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी, नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून प्रीमियर पद्मिनी घेतली होती. मूळची ती इटलीची फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. 1970 च्या दशकात कंपनीने तिला राणी पद्मिनीचं नाव दिलं, पण गिरगावात ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग. तिच्यावर नाना, माझे वडील, 'वाटेत सोडा' म्हणणारे एक शेजारी आणि वडिलांच्या मांडीवर मी. मागे आजी, आई, काकू, आत्या, आणि त्यांच्या मधल्या फटींमध्ये चुलत-आते भावंडं. पायाशी श्रीखंडाचा डबा. बेल्ट नव्हतेच. पुढच्या सीटला बेल्ट द्यायची सक्ती आपल्याकडे 1994 मध्ये आली. तोवर आमच्यातल्या मांडीवरच्यांना मिसरूड फुटून गेली होती. शिवाय बेल्ट असता, तरी तो कुणाला लावणार? खड्डा आला तरी हलायला जागा नसे.

चाळीत वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण राहायचो. त्यात कोकणातून परीक्षेला आलेला भाचा, नोकरी शोधायला आलेला पुतण्या, डोळ्याचं ऑपरेशन करायला आलेले गावचे गुरुजी. सगळे मावले. 'जरा सरकून घ्या' एवढंच तिथलं वास्तुशास्त्र. तेच आम्ही चाकांवर चढवलं. सीटबेल्टशी आमचं वाकडं आहे ते यामुळे. लोक म्हणतात, टोचतो, कपडे चुरगळतात, गुदमरायला होतं. ती सगळी सांगायची कारणं. खरं दुखणं हे, की बेल्ट सरकून घेत नाही. तो माणसं मोजतो. पाच बकलं, पाच माणसं, सहाव्याला नमस्कार.

आमच्या जुन्या गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती. पुढे चालवायची तर फेरनोंदणी करा, हरित कर भरा. तिला एअरबॅग एकही नव्हती. मागचे बेल्ट होते म्हणतात. पण गाडी घेतली त्याच आठवड्यात हौसेने मरून रंगाची सीटकव्हरं घातलेली, त्यांच्याखाली बकलं गडप झालेली. मुंबईतल्या निम्म्या टॅक्सींत आजही हीच कथा आहे. सीटच्या फटीत हात घातला तर बिस्किटाचा चुरा लागेल, रुपयाचं नाणं लागेल, बकल लागणार नाही.

नव्या गाडीचा मुहूर्त सरकारनेच काढून दिला. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला तो 22 सप्टेंबर 2025 ला, नेमका घटस्थापनेच्या दिवशी. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षात कोण गाडी घेतो? दिल्लीत कुणीतरी कालनिर्णय बघूनच तारीख ठरवली असावी, असं आईचं मत पडलं आणि दसऱ्याला गाडी दारात आली. म्हणजे दारापासून दोन गल्ल्या सोडून. दारात जागा कुठली! नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. मग नानांना मान म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. वय अठ्ठ्याहत्तर, चालवणं कधीच सोडलेलं, पण स्टिअरिंगवर हात ठेवला की अजून ऐट येते. मी त्यांचा बेल्ट ओढून खटकन बकलात बसवला. नानांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अरे, हे अपसव्य आहे!"

पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे. जानवं असं घेतात ते श्राद्धाला. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, खांब त्याच्या उजव्या हाताला, तेव्हा ड्रायव्हरच्या नशिबी जन्मभर अपसव्यच. डावीकडचा प्रवासी तेवढा सव्य. ज्याने शोधलं तो काय गिरगावचा भिक्षुक होता का, असं मी म्हणून बघितलं. तो होता स्वीडनचा नील्स बोलिन. आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या खुर्च्या करायचा, वैमानिकाला संकटात विमानाबाहेर फेकणाऱ्या. मग व्होल्वोत आला आणि 1959 मध्ये त्याने माणसाला गाडीच्या आत धरून ठेवणारा हा तीन टोकांचा पट्टा तयार केला. कंपनीने त्याचं पेटंट इतर कारखानदारांना खुलं करून दिलं. हे शेवटचं ऐकून नाना जरा निवळले. पेटंट घेऊन पैसे न मागणारा माणूस त्यांच्या पिढीला लगेच पटतो. तरी ते उठून डावीकडच्या सीटवर गेले आणि तिथे सव्य होऊन समाधानाने बसले.

आता बसायचं कुणी कुठे? मी, बायको, आई, नाना, मुलगी आणि दोन वर्षांची नात. सहा. सात सीटांची मोठी गाडी घ्यायची, तर आमच्या गल्लीत ती वळणार कशी? त्यात जावई बोटीवर. त्याने समुद्रातून फर्मान पाठवलं, की पोरीसाठी चाइल्ड सीट हवीच. ती आली. मागची एक आख्खी जागा तिने खाल्ली. पूर्वी दोन वर्षांचं पोर कुणाच्या हिशेबातच नसे, ज्याची मांडी रिकामी त्याच्यावर जाई. आता तेच सिंहासनावर, आणि पंचाहत्तरी उलटलेली माणसं 'मी मध्ये बसू का?' विचारत उभी.

"दे गं इकडे, मी घेते मांडीवर. इथे दादरलाच तर जायचंय," आई म्हणाली.

'इथेच तर जायचंय' हा बेल्टविरुद्धचा आमचा रामबाण युक्तिवाद. एके काळी त्यात तथ्यही होतं. ठाकूरद्वारच्या नाक्यावर गाडीला हातगाडी मागे टाकून जाते, तिथे बेल्ट लावून करायचं काय? पण आता चौपाटीशी आलो की कोस्टल रोडचं तोंड आहे. जून 2024 पासून लोक इथून मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरच्या बोगद्याने जातात आणि पलीकडे मोकळ्या रस्त्यावर 80 ची मुभा मिळते. शिवडीहून अटल सेतूवर चढलं तर 100 ची. ठाकूरद्वारच्या सवयीने बसलेला माणूस पाच मिनिटांत त्या वेगात शिरतो, मांडीवरच्या पोरासकट.

माझी मुलगी कॉलेजात फिजिक्स शिकवते. तिने आजीला गणित घातलं. 50 च्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून थांबली, की बिनबेल्टचा माणूस त्याच वेगाने पुढे जातो. हा वेग म्हणजे साधारण दहा मीटरवरून खाली पडल्यावर येणारा वेग. दहा मीटर म्हणजे आपल्या चाळीची तिसऱ्या मजल्याची गॅलरी. 80 असेल तर पंचवीस मीटर. परळच्या गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरचा आठवा मजला. आणि दहा किलोचं पोर त्या क्षणी शंभर किलोंहून जड होतं, कुणाच्या हातात राहणार?

"आजी, आम्ही गॅलरीच्या कठड्याला नुसते टेकलो तरी तू आरडाओरडा करायचीस. हा कठडाच आहे."

आई काही बोलली नाही. निऱ्या सावरल्या आणि पदर बेल्टच्या वरून घ्यायचा की खालून, एवढंच विचारलं. वरून घेतला.

बेल्ट न लावण्यासाठी आपली माणसं जेवढी अक्कल चालवतात, तेवढी एमपीएससीला चालवली असती तर महाराष्ट्रात डेप्युटी कलेक्टर मावले नसते. पोलीस दिसला की पट्टा छातीवर धरायचा, नाका ओलांडला की सोडायचा. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलला हा कवायतीचा प्रकार रोज बघायला मिळतो. कुणी बेल्ट आधीच बकलात अडकवून त्याच्यावर पाठ टेकून बसतात. सगळ्यांवर कडी त्या क्लिपची : बेल्टची नुसती जीभ, पट्ट्याशिवाय. ती बकलात खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि तिचा ओरडा बंद. आपण चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांतून पुढे बसून गेलो, तर तिथेही ही क्लिप होती, असं नितीन गडकरींनी 2022 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. नावं विचारू नका म्हणाले. पुढच्या वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशाने ऑनलाइन दुकानांवरून या क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवल्या गेल्या. तेरा हजार! पदरचे पैसे घालून स्वतःला धोक्यात ठेवायची एवढी हौस. बेल्ट फुकट मिळतो, न लावल्याचा दंड कायद्यात हजार रुपये, तरी आम्ही क्लिप शोधणार.

मागे बसणाऱ्यांना तर हा आपला विषयच वाटत नव्हता. पुढे बेल्ट, मागे गप्पा, अशी वाटणी ठरलेली. 4 सप्टेंबर 2022 च्या दुपारी अहमदाबादहून मुंबईला येताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गाडी आदळली आणि टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्याबरोबर मागे बसलेले त्यांचे स्नेही गेले. दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. गाडी उत्तमांतली उत्तम होती. मागच्यांसाठीचा नियम तेव्हाही पुस्तकात होताच. त्यानंतर मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबरपासून सगळ्यांनाच बेल्ट बंधनकारक असल्याचं बजावलं. पंधरा दिवस शहरभर सीटकव्हरं उचकटून बकलं शोधली गेली. मग लग्नसराईत सगळं पुन्हा कव्हरांखाली गेलं.

आता शोधायची सोय नाही, कारण गाडीच बोलते. एप्रिल 2025 पासूनच्या नव्या गाड्यांना मागच्या सीटसाठीही आठवणीची घंटा द्यावी लागते. तिला माणूस आणि सामान यांतला फरक मात्र नीट कळत नाही. दिवाळीआधी आम्ही दोघं दादरहून कंदील घेऊन लालबागला थांबलो. बायको कंदील सांभाळत मागे बसली, म्हणून चिवडा गल्लीतल्या चार-पाच जड पिशव्या मी पुढच्या सीटवर ठेवल्या. निघालो तर टुंग, टुंग, टुंग. मला वाटलं माझाच बेल्ट निसटला. तो होता. मागे बायकोचाही होता. शेवटी तिने मागून हात लांबवून पाहुण्यांना बेल्ट लावला : डाएट चिवडा खाली, मक्याचा त्याच्यावर, आणि काळा पट्टा दोघांवरून सव्य. घंटा थांबली. गिरगाव येईपर्यंत आम्ही तिघं शिस्तीत बसलो होतो. घरी हे ऐकल्यावर नानांनी पुढचा प्रश्न काढला : भाद्रपदात गणपती आणताना काय करायचं? मूर्ती मांडीवरून आणायची पद्धत. म्हणजे मांडीवाल्याला बेल्ट आणि बाप्पा मोकळे? यावर अजून एकमत झालेलं नाही.

सहाव्याचा प्रश्न मात्र भलत्याच बाजूने सुटला. दसऱ्याला गाडी आली आणि आठवड्याने, 9 ऑक्टोबरला, गिरगावात भुयारी मेट्रो सुरू झाली. इतकी वर्षं रस्ते खणून, पत्रे लावून ठेवले होते ते यासाठी, हे तेव्हा लोकांना आठवलं. गेल्या रविवारी शिवाजी पार्कला जायचं ठरलं. आम्ही पाच जण खटाखट बेल्ट लावून बसलो. नानांनी दार बाहेरून लावलं, काचेवर टकटक केली आणि 'व्हा पुढे' म्हणून पिशवी हलवत मेट्रोच्या जिन्याकडे निघाले.

त्यांचा फोन आला तेव्हा आम्ही लालबागच्या पुलाखाली होतो. डावीकडे टेम्पो, उजवीकडे बेस्टची बस, मध्ये आम्ही पाच जण पाच बेल्टांत, एकाही घंटेविना, आणि वेगाचा काटा शून्यावर.

"वहिनींना दे," नाना म्हणाले. आईने फोन कानाला लावला.

"वहिनी, मी प्रकाशमध्ये टेबल धरून बसलोय. टेबल चौघांचं आहे, पण मालकांना म्हटलं, आम्ही सहा आहोत, सरकून घेऊ. साबुदाणावडे सांगू का, की तुम्ही आल्यावर?"

आईने पुढे सिग्नलकडे बघितलं. "सांगा भाऊजी," ती म्हणाली, "आणि तुमचा खाऊन घ्या."